केसाहून बारीक धातू ‘प्रिंट’ कसा होतो? आणि आत भोकं असूनही तो दणकट का?

थ्रीडी प्रिंटर म्हटलं की प्लॅस्टिकची खेळणी आठवतात, फार तर रॉकेटचे सुटे भाग. पण निकेलचा एखाद्या विषाणूएवढा बारीक खांब प्रिंट करायचा असेल तर?

नेहमीची पद्धत इथे कामाची नाही. त्यात धातूच्या भुकटीचा थर पसरतात आणि हवा तेवढा भाग लेझरने वितळवतात. पण भुकटीचा एक कणच साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन. म्हणजे विटेपेक्षा बारीक भिंत बांधायला सांगितल्यासारखं झालं. त्यात तांब्याचं दुखणं वेगळंच. नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरचा बहुतेक प्रकाश ते परतवून लावतं, आणि जी उष्णता आत शिरते ती लगेच पसरून जाते.

अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेत ज्युलिया ग्रीअर यांच्या गटाने मग उलटा विचार केला. धातू प्रिंट करायचाच नाही! २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी पद्धत मांडली ती अशी: आधी हायड्रोजेलचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा सांगाडा प्रिंट करा. तो धातूच्या क्षाराच्या पाण्यात मुरू द्या, गुलाबजाम पाकात मुरतो तसा. मग हवेत तापवा. जेल जळून जातं, मागे धातूचा ऑक्साइड उरतो. शेवटी हायड्रोजन असलेल्या वायूत पुन्हा तापवा. ऑक्सिजन निघून जातो, धातू राहतो. गुलाबजाम फुगतो, हा सांगाडा मात्र चांगलाच आकसतो. बारीक वस्तू हवी असेल तर ते पथ्यावरच पडतं.

खरी गंमत मिश्रधातूची आहे. पाण्यात तांबं आणि निकेल दोघांचे क्षार टाकले की शेवटी दोघांचा मिश्रधातू मिळतो. कोणता धातू हवा ते प्रिंट झाल्यावर ठरवा, सांगाडा तोच.

नॅनो आकारासाठी सांगाडाच अतिसूक्ष्म लागतो. तिथे अतिशय छोट्या झटक्यांचा लेझर वापरतात. तो फक्त जिथे एकवटतो त्या बिंदूलाच रसायन घट्ट होतं. याच तंत्राने ओसाकातल्या संशोधकांनी २००१ मध्ये १० मायक्रॉन लांबीचा बैल बनवला होता, पण तो राळेचा. धातूचा नव्हे.

२०२३ मध्ये ग्रीअर यांच्या गटाने सुमारे १५० नॅनोमीटरचे निकेलचे खांब दाबून पाहिले. आतून ते अगदी अस्ताव्यस्त होते. भोकं, वेडेवाकडे स्फटिककण, त्यांच्या मधल्या सीमा. तरीही तेवढ्याच आकाराच्या सुबक रचनेच्या खांबांपेक्षा ते ३ ते ५ पट मजबूत निघाले. कारण? सुबक स्फटिकात एक थर दुसऱ्यावरून सरळ घसरत जातो. इथे त्या घसरणीला जागोजागी अडथळा येतो.

‘पाचपट मजबूत धातू सापडला’ अशी पोस्ट दिसली तर मात्र लगेच फॉरवर्ड करू नका. ही तुलना त्या आकारापुरतीच आहे. मोठ्या यंत्रभागात अशाच भोकांपासून तडे सुरू होतात.

आणि या पद्धतीने जाड ठोकळा करणंही अवघड. जळलेल्या जेलचे वायू बाहेर पडायला आणि हायड्रोजन आत पोचायला भिंती पातळ लागतात. प्रयोगशाळेतून आलेल्या फोटोंत सारख्या नाजूक जाळ्याच दिसतात, त्या यामुळेच.