वॉर्म स्प्रिंग्ज: पांगळ्यांनी वसविलेले गाव

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाचे एक लहानसे खेडे असून तेथील झऱ्याचे पाणी बारमाही सुमारे ३१ अंश उष्ण असते. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय पोळून घेतलेल्या आमच्या माणसाला ते कोमटच वाटावे. १९२४ च्या शरद ऋतूत पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट तेथे प्रथम उतरले, तेव्हा झऱ्याकाठच्या आरोग्यस्थानाची पार रया गेली होती. आणि खुद्द रूझवेल्टांचे राजकारणही संपले असे बोलले जात होते, कारण १९२१ च्या ऑगस्टात, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे दोन्ही पाय निकामी केले होते. हा रोग मज्जारज्जूतील ज्या पेशींचा नाश करतो त्यांना पुन्हा उठविण्याचे सामर्थ्य कोणत्याही तीर्थात नाही. मात्र पाण्यात देहाचा भार हलका होत असल्यामुळे, जमिनीवर तसूभरही न सरकणारा पाय तेथे थोडासा हलतो, आणि पाणी उबदार असल्याने अंग न काकडता व्यायाम बराच वेळ चालविता येतो. झऱ्याचे माहात्म्य इतकेच.

अटलांटाच्या एका वृत्तपत्राने रूझवेल्टांच्या जलविहाराची हकिकत छापली, ती देशभर पसरली आणि १९२५ साली पोलिओग्रस्त माणसे बोलावल्यावाचूनच तेथे येऊन थडकू लागली. पेनसिल्व्हेनियाचा फ्रेड बॉट्स हा तरुण तर आगगाडीच्या टपालाच्या डब्यातून, लाकडी पिंजऱ्यात बसून आला. धडधाकट पाहुण्यांना या मंडळींची पंगत आणि तलावातील संगत दोन्ही खपेनात. तेव्हा रूझवेल्टांनी त्यांच्यासाठी वेगळ्या तलावाची तजवीज केली आणि वैद्याचा परवाना नसताना त्यांचे व्यायामही स्वतः घेतले. १९२६ मध्ये त्यांनी ते स्थान जमीनजुमल्यासकट विकत घेतले, पोलिओग्रस्तांसाठी तेथे संस्था उभारली व आपल्या मिळकतीचा फार मोठा हिस्सा तीत घातला.

तेथून किती रोगी चालत परतले, हा हिशेब मला दुय्यम वाटतो. घरी माडीवरच्या खोलीत दडवून ठेवलेल्या मुलामुलींना येथे दारोदार पायऱ्यांऐवजी उतरणी मिळाल्या, चाकांच्या खुर्च्या ढकलणारे तरुण मिळाले, पत्त्यांचे डाव, नाटके, थट्टामस्करी मिळाली, आणि प्रेमप्रकरणे व लग्नेही जमली. पिंजऱ्यातून आलेला बॉट्स पुढे त्याच संस्थेचा नोंदणी अधिकारी झाला. नव्याने आलेल्या रोग्याचे नाव दप्तरात चढविणारा माणूस स्वतःच पोलिओने गाठलेला असे, आणि त्या भेदरलेल्या जिवाला डॉक्टरांच्या उपदेशापेक्षा या दर्शनाने अधिक धीर आला असेल. पायांचे कॅलिपर लोकांच्या नजरेत भरू नयेत म्हणून त्यांना काळा रंग देणारे रूझवेल्टही तेथे आपले वाळलेले पाय उघडे टाकून खुशाल तलावाकाठी बसत.

परंतु या बंधुभावालाही वेस होती. स्वयंपाक आणि झाडलोट करण्यासाठी कृष्णवर्णीयांना मुभा होती, रोगी म्हणून मात्र मज्जाव. राष्ट्राध्यक्षाचे नाव लागलेल्या संस्थेचा हा शिरस्ता लाजिरवाणाच म्हटला पाहिजे; ओरड वाढली तेव्हा वेस मोडण्याऐवजी अलाबामात टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी निराळे पोलिओ केंद्र काढण्यात आले, तेही १९४१ साली.

रूझवेल्टांचे देहावसान १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच झाले, आणि त्यांच्या दहाव्या पुण्यतिथीलाच साल्क यांची पोलिओवरील लस गुणकारी ठरल्याची घोषणा झाली. रोग्यांचा ओघ आटत गेला. तथापि तेथे वावरलेल्या माणसांना, दारात उतरण असली म्हणजे पांगळेपणाचा निम्मा जाच संपतो, हे अनुभवाने कळले होते. त्यांपैकीच एक, १९५२ साली पोलिओने गाठलेले ह्यू गॅलघर, पुढे वॉशिंग्टनला एका सिनेटरच्या कचेरीत नोकरीला लागले; सरकारी पैशाने उभ्या राहणाऱ्या इमारतींत अपंगांना प्रवेशाची सोय बंधनकारक करणारा जो कायदा १९६८ मध्ये संमत झाला, त्याच्या मसुद्यावर त्यांचाच हात फिरलेला होता.