कोंबड्यांचा दाणा आणि रात्रीचे पाहुणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंच्या पडवीत नाग निघाला. ताईंनी सुधारित जातीच्या पंचवीस कोंबड्या आणल्या होत्या. खाद्याचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलेलं, तोंड नुसतं दुमडलेलं. पोत्यापासून दोन हातांवर नातू झोपला होता. पहाटे सासूबाई उठल्या म्हणून फडा दिसला. सर्पमित्राला बोलावलं, नाग गेला, कुणाला काही झालं नाही. पण पोतं हलवलं तर मागे उंदरांचं बीळ, बिळात भुश्श्यासारखा झालेला भरडा, आणि पोत्याच्या तळाला चार भोकं. नाग कोंबड्यांसाठी आला नव्हता, उंदरांसाठी आला होता. आणि उंदीर पोत्यासाठी आले होते.

पुढच्या बैठकीत हाच विषय निघाला. एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "आमच्या सासरी बी कोंबड्या व्हत्या की. तवा असं कधी झालं न्हाई." आम्ही सगळ्याजणी विचारात पडलो. मावशींचं खरं असेल, तर मग बदललं काय? ते शोधायला बसलो आणि गोष्ट आपल्या आजीपणजीच्याही फार मागे गेली. तीच आज सांगतो.

आधी कोंबड्यांचं पाहू. जुन्या काळी आपल्याकडे कोंबड्यांसाठी वेगळं खाद्य कुणी साठवत नव्हतं. गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरायची, खळ्यावर सांडलेले दाणे टिपायची, किडे-मुंग्या खायची. घरधनीण सकाळी मूठभर कण्या नाहीतर पाखडलेला कोंडा अंगणात टाकायची. तो तिथंच संपायचा. संध्याकाळी कोंबड्या डालल्या की अंगणात उंदराला खायला दाणा उरायचाच नाही. म्हणजे मावशींच्या घरी उंदीर नव्हते असं नाही, कोंबड्यांच्या नावाने त्यांना जेवण मिळत नव्हतं इतकंच.

घरचं धान्य मात्र होतं, आणि ते सांभाळायची विद्याही होती. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अनेक वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथं धान्य ठेवायची जमिनीतली पेवं होती, आणि मातीचे गोल ओटेही होते. त्या ओट्यांवर कणग्या ठेवत असणार, असं संशोधकांनी सांगितलं. म्हणजे धान्य जमिनीला टेकवायचं नाही, उंचावर ठेवायचं, हे आपल्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

आपल्या मराठवाड्यात पेव अगदी परवापरवापर्यंत होतं. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत ते खणायचे. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर पुन्हा कडबा, मग माती, आणि तोंड पक्कं बुजवायचं. दाणासुद्धा श्वास घेतो. पेव बंद झालं की आतली चांगली हवा संपत जाते आणि किडा गुदमरून मरतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. हवा खेळू द्यायची, कंदील खाली सोडून पाहायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. ही खबरदारी न घेतल्याने पेवात माणसं गेलेलीही आहेत. आपण म्हणतो ना, अमक्याचं पेव फुटलं, ते बोलणं याच पेवातून आलेलं आहे.

माळवदाच्या घरात बळद असायचं. जाड भिंतीच्या पोटात धान्याची कोठी. वरून धान्य ओतायचं, खालच्या लहानशा तोंडातून लागेल तेवढं काढायचं आणि तोंड पुन्हा बंद करायचं. आधी आलेलं धान्य आधी निघायचं. ज्यांच्याकडे बळद नव्हतं त्यांच्याकडे तुराट्यांची नाहीतर बांबूची कणगी. तिला आतून-बाहेरून शेणमाती लिंपायची, खाली दगड लावायचे. डाळी-साळी उतरंडीच्या मडक्यांत, एकावर एक. धान्यात कडुनिंबाचा पाला, नाहीतर चुलीची राख. ही सगळी कामं बायांची. या विद्येत चार गोष्टी होत्या: दाणा वाळलेला, भांडं बंद, जमिनीपासून उंच, आणि रोज हाताखाली.

पण जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. उंदराने आपल्या लोकांना फार रडवलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याच्या वखारींची पेठ. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर, उंदराच्या अंगावर पिसवा. डॉक्टर व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. पुढं प्लेग पुण्याला आणि राज्यभर पसरला. आपल्या सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या. मुलगा डॉक्टर यशवंत यांच्यासोबत त्या पुण्याजवळ आजाऱ्यांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणलं, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग उंदरावरच्या पिसवेमुळे माणसात येतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कराचीला सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते दाखवून दिलं.

कुणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मग शेजारच्या बीड जिल्ह्याचं ऐका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं माळवदाच्या दगड-मातीखाली गेली. त्यानंतर दूरदूरच्या गावांतही लोक घरात झोपायला घाबरू लागले. वर्षभरात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर मरून पडू लागले, आणि मग माणसांना गाठी येऊन ताप चढू लागला. अनेक दशकांनी देशात प्लेगचं नाव पुन्हा निघालं. त्यानंतर महिन्याभरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. मामल्याला असं का झालं, याची तज्ज्ञांनी जी कारणं मांडली त्यात एक हे होतं: माणसं भीतीने घराबाहेर राहिली, धान्य मात्र घरात पडून राहिलं, आणि त्यावर उंदीर वाढले. म्हणजे घर तेच, धान्य तेच, फक्त रोज झाडणारा, पाहणारा, झाकणारा हात तिथून उठला होता.

नुकसानीचा हिशेबही सरकारने एकदा मांडला होता. १९६० च्या दशकात नेमलेल्या पानसे समितीने सांगितलं की शेतातून निघालेल्या शंभर किलो धान्यातलं नऊ किलोहून थोडं जास्त वाया जातं. त्यातलं साडेसहा किलो एकट्या साठवणीत. उंदीर अडीच किलो नेतात आणि किडेही जवळपास तेवढंच.

त्याच दशकात शेतीही बदलली. १९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित वाण देशात आलं, आणि त्याच वर्षी आपल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. पुढं जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशात ओळखलं जाऊ लागलं. संकरित ज्वारी लवकर यायची, भरपूर यायची. पण कणीस तयार व्हायच्या वेळी पाऊस असला की दाणा काळा पडायचा, बुरशी धरायची. मग घराघरांत एक बोलणं रूढ झालं: "काळी पडली ना, टाका कोंबड्यांना."

मैत्रिणींनो, हे बोलणं आता सोडलं पाहिजे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की नावाचे कोंबडीसारखे मोठे पक्षी एकाएकी मरू लागले. एक लाखाच्या आसपास मेले. शोध घेतला तर खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी होती आणि त्या बुरशीचं विष पक्ष्यांच्या काळजाला, म्हणजे लिव्हरला लागलं होतं. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका माणसांनी खाल्ला आणि शंभराहून जास्त माणसं कावीळ होऊन दगावली. आज आपल्या भोकरदन-जाफराबाद भागात मक्याचं रान आहे आणि कोंबड्यांचा भरडा मक्याचाच असतो. ओल धरलेलं पोतं कोंबडीला घालणं म्हणजे तिला थोडं थोडं विष घालणं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे परत येऊ. बदललं काय? परसातली कोंबडी बदलली. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आली, हैदराबादच्या संशोधन केंद्रातून वनराज आणि ग्रामप्रिया आल्या. या कोंबड्या अंडी आणि मांस जास्त देतात, पण नुसत्या उकिरड्यावर त्यांचं भागत नाही. त्यांना रोज खाद्य लागतं. बचत गटांनी कर्ज घेऊन पिल्लं आणली आणि पिल्लांबरोबर पन्नास किलोचं पोतं घरात आलं. बळद गेलं, कणगी गेली, आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचं पोतं आलं. धान्य सांभाळायची आजीची विद्या मोडली त्याच वेळी, कधी नव्हे तो कोंबड्यांचा दाणा रात्रभर घरात राहू लागला. नाग पडवीत आला तो या वाटेने.

एक हिशेब आम्ही बैठकीत मांडला. मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते. एक मोठा उंदीर साधारण पंचवीस ग्रॅम. म्हणजे चार-पाच उंदीर पाळले की एक कोंबडी पाळल्यासारखं झालं, पण ती अंडं देत नाही. दहा उंदीर महिन्याला साडेसात किलो खाद्य नेतात. शिवाय लेंडी आणि मूत टाकून त्याहून जास्त नासवतात. कर्जाचा हप्ता आपण भरायचा आणि जेवण उंदरांनी करायचं, असा हा व्यवहार.

म्हणून आम्ही गटात ठरवलं, आणि जुन्याच चार गोष्टी नव्या भांड्यात आणल्या.

पहिली, दाणा वाळलेला. मका दाताखाली कट्‌ असा वाजला तर ठेवायचा, दबला तर पुन्हा उन्हात. घरचं ओलं शिळंपाकं खाद्याच्या डब्यात कधीच नाही. उग्र वास आला, गोळे झाले, हिरवं-काळं दिसलं, तर ते कोंबडीला नाही आणि शेळीलाही नाही. खड्डा खणून पुरून टाकायचं.

दुसरी, भांडं बंद. उंदराचे दात सारखे वाढतात, म्हणून तो सारखा कुरतडतो. पोतं काय, प्लास्टिकची बादली काय, त्याला अडवत नाही. पत्र्याचा तेलाचा डबा नाहीतर घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी घ्यायची. उंदराचं पिल्लू बोटाएवढ्या भोकातून जातं, म्हणून खुराड्याला पाव इंची जाळी लावायची.

तिसरी, उंच आणि मोकळं. डबा दोन विटांवर, भिंतीपासून एक हात दूर. मागे काय चाललंय ते झाडताना दिसलं पाहिजे. आणि माणसं झोपतात त्या खोलीत डबा नाहीच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच जास्त चावते.

चौथी, रोज हाताखाली. संध्याकाळी कोंबड्या अर्ध्या तासात संपवतील एवढंच घालायचं. अंधारात कोंबडी खात नाही. मागे उरतं ते उंदरांचंच. दिवेलागणीला भांडी उचलायची, पाणी ओतून द्यायचं, सांडलेलं झाडून घ्यायचं. नवं खाद्य जुन्यावर ओतायचं नाही, आधी जुनं संपवायचं, बळदासारखं.

आणखी एक, हात जोडून सांगतो. उंदरांचं विष कोंबड्यांच्या जागी ठेवू नका. कोंबडी ते टिपते, लेकरू हात लावतं. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर घरात आणूच नका. त्यांच्या वायूने माणसं दगावतात. पिंजरा लावा, चाप लावा. आणि साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा.

ज्या ताईंच्या पडवीत नाग निघाला, त्यांनी तेलाचे तीन रिकामे डबे विकत घेतले. सासूबाईंनी बीळ दगड-मातीने बुजवलं आणि पडवी शेणाने सारवली. नातू आता आत झोपतो. मावशी परवा ते डबे बघायला गेल्या होत्या. झाकण उघडून त्यांनी मक्याचा दाणा दाताखाली धरला, कट्‌ वाजला, आणि म्हणाल्या, "आमची कणगी हीच की गं, पत्र्याची."

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एवढंच करावं. आपल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारावं, तुमच्या घरी धान्य कुठं ठेवत होते? आणि त्या सांगतील ते लिहून घ्यावं. पेव आणि बळद पाहिलेल्या बाया आता फार उरल्या नाहीत. आज संध्याकाळी मात्र दिवा लावायच्या आधी कोंबड्यांची भांडी उचला.