मिशनची शाळा आणि बोहाड्याचे सोंग

मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना आपण १८४३ सालच्या सांगलीपासून आरंभ करतो. शाळेत नाटक शिकवण्याची एक परंपरा मात्र त्याहून बरीच जुनी आहे, आणि तिचा माग काढू लागलो की आपण कॅथलिक शाळांच्या दारात जाऊन पोहोचतो. जेझुइट धर्मगुरूंनी १५९९ मध्ये आपल्या सर्व शाळांसाठी अध्यापनाची नियमावली प्रसिद्ध केली. नाटके क्वचितच करावीत, ती लॅटिनमध्ये असावीत, विषय पवित्र असावा, स्त्रीपात्र वा स्त्रीवेष रंगमंचावर येऊ नये, असा तीत दंडक आहे. तो वाचून या मंडळींना नाटक नकोच होते की काय असे वाटते. पण कॉर्नेय, काल्देरॉन, मोलिएर, व्होल्तेर हे सारे याच शाळांतून शिकून बाहेर पडले. पाठांतर, स्वच्छ उच्चार आणि चारचौघांत उभे राहण्याचे धैर्य यांसाठी नाटक हा तेथे अभ्यासाचाच भाग होता. (आपल्याकडे ते स्नेहसंमेलनाच्या आठवड्यापुरते उरते. असो.)

महाराष्ट्रात या शाळांशी जोडलेले सर्वांत मोठे नाव इब्राहिम अल्काझी यांचे. त्यांचा जन्म १९२५ मध्ये पुण्यात, अरब व्यापारी कुटुंबात झाला. घरात अरबी, आणि शिक्षण मात्र सेंट व्हिन्सेंट्स या जेझुइट शाळेत व पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात. १९६२ ते १९७७ या काळात ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. विजया मेहता आणि रोहिणी हट्टंगडी या दोघी त्यांच्याच विद्यार्थिनी. शाळेनेच अल्काझी घडवले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण नाटक हे शिस्तीने शिकण्याचे शास्त्र आहे, हा त्यांचा आग्रह त्या वातावरणाला परका नव्हता.

ही झाली शहरातली, इंग्रजीतली कथा. शहापूर-मुरबाडच्या बाजूला ती तशीच्या तशी लागू पडत नाही. वसईची किनारपट्टी १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती; माहुलीच्या पायथ्याचा डोंगराळ मुलूख त्या अमलाबाहेर राहिला. तेथील नाटकाचे नाव बोहाडा. शहापूरपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडी रात्रभर, मशालींच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या साथीने देवदानवांची सोंगे नाचतात. संवाद जवळजवळ नाहीतच. जे काही आहे ते मुखवट्यात आणि पावलांत. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याने घ्यायचे असा मान ठरलेला असतो. आरंभी गणपती येतो, सरस्वती येते. विष्णुदास भाव्यांच्या खेळांतही त्यांचाच प्रवेश आधी होत असे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. नात्याने पाहू गेल्यास आपल्या रंगभूमीला बक्षीस समारंभातल्या नाटुकलीपेक्षा बोहाडाच जवळचा आहे.

मग अशा मुलखातल्या कॅथलिक माध्यमिक शाळेत नाटक शिकवायचे ते कोणते? या प्रश्नाला त्याच परंपरेतून दोन जुनी उत्तरे मिळतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूर येथे 'ख्रिस्तपुराण' छापले, तेव्हा भाषा मराठी घेतली आणि छंद ओवीचा घेतला. त्याआधी ब्राझीलमध्ये जोसे द आंशिएता यांनी आदिवासींच्या तुपी भाषेत नाटके लिहिली. लॅटिनचा आग्रह तेथे कुणी धरला नाही. पण आंशिएतांच्या एका नाटकातील सैतानांना नावे दिली आहेत ती त्याच प्रदेशातल्या, पोर्तुगीजांशी लढलेल्या आदिवासी प्रमुखांची. म्हणजे भाषा त्या लोकांची, मंच त्यांचा, आणि दुष्टही तेच.

आम्हाला खटकते ते येथे. आज इतके उघड कोणी करणार नाही. आज होते ते सौम्य आहे: बोहाड्याला 'लोकनृत्य' या सदरात पाच मिनिटे मिळतात आणि 'नाटक' म्हणून दुसरेच काहीतरी बसवले जाते. रात्री नरसिंहाच्या मुखवट्यामागे ज्या मुलाने सारे गाव खिळवून ठेवले, त्याला सकाळी वर्गात नाट्यउतारा वाचायला उभे केले की तो अडखळतो, आणि त्याला अभिनय येत नाही अशी नोंद होते. ती नोंद करणाऱ्या शिक्षकाने बोहाडा पाहिलेला असतो का?