प्रोस्टेटची वाढ : आहार व पूरके (नेपरव्हिल)

उतारवयात मूत्राशयाखालची प्रोस्टेट (पुरस्थ) ग्रंथी वाढून मूत्रमार्ग आवळला जाण्याचा विकार. ही वाढ कर्करोगाची नव्हे. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री वारंवार उठावे लागते. पन्नाशीत सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ आढळते.

शिकागोच्या पश्चिमेस असलेल्या नेपरव्हिलमध्ये मुलांकडे राहायला आलेल्या मराठी वडिलांची अडचण वेगळी असते. प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुधा बसत नाहीत, म्हणून डॉक्टरऐवजी दुकानातल्या बाटलीकडे हात जातो. पूरकांना विक्रीपूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही, हे अमेरिकेत १९९४च्या कायद्याने ठरले. नेपरव्हिलच्याच ड्यूपेज काउंटीत, ब्लूमिंगडेलला, ‘नाऊ फूड्स’ या मोठ्या पूरक-उत्पादक कंपनीचे मुख्यालय आहे.

सर्वाधिक खपणारे पूरक म्हणजे सॉ पाल्मेटो, आग्नेय अमेरिकेतील एका बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क. २००६ साली २२५ पुरुषांवर वर्षभर झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग औषधविरहित गोळीपेक्षा जास्त दिसला नाही. २०११ साली ३६९ जणांना तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही निष्कर्ष बदलला नाही. त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत. बीटा-सिटोस्टेरॉलने लक्षणे काहीशी हलकी होतात, ग्रंथी मात्र लहान होत नाही. ‘प्रोस्टेटसाठी’ म्हणून ई जीवनसत्त्व घेणे तर घातकच: ३५ हजारांवर पुरुषांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. गोखरू, चंद्रप्रभा वटी यांसारखी घरून आणलेली औषधेही डॉक्टरांना दाखवावीत. बॉस्टन परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते.

आहाराचा उपयोग साधा, पण खरा आहे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी व मद्य टाळावे, झोपण्यापूर्वी दोन तास पाणी कमी प्यावे. दिवसाचे पाणी मात्र तोडू नये. पालेभाज्या, डाळी, फळे खाऊन बद्धकोष्ठ टाळावे, पोटाचा घेर आटोक्यात ठेवावा. इथल्या हिवाळ्यात सर्दी झाली की गोळी घेण्याआधी वेष्टन वाचावे. स्यूडोएफेड्रिन किंवा डायफेनहायड्रामिन असलेल्या गोळीने लघवी अडू शकते.

भारतातून निघण्यापूर्वी लघवीची तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी करून घ्यावी, चालू औषधे पुरेशी सोबत आणावीत. लघवी पूर्ण तुंबली, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी गेल्या, तर विम्याचा विचार न करता लगेच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.