बेचाळीस मीटरची तार

आसनगावात राहणाऱ्या माणसाला उंच गोष्टींची सवय असते. स्थानकातून बाहेर पडून उत्तरेकडे मान वळवली, की माहुलीचे सुळके दिसतात आणि मग बाकीची सारी उंची ठेंगणी वाटू लागते. त्यामुळे आमच्या एका स्नेह्यांनी घराच्या आवारात दोन कळक उभे करून त्यांच्यामध्ये एक साधी तांब्याची तार ताणली, तेव्हा ती कुणाच्या लक्षात येईल असे आम्हांला वाटले नव्हते. ती लक्षात आली. आठवड्याभरात शेजारच्या आळीतून विचारणा झाली, की हा मोबाइलचा टॉवर आहे काय, यातून किरणे निघतात काय आणि याला परवानगी आहे काय. स्नेही हे परवानाधारक हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात त्यांपैकी एक. त्यांनी परवाना दाखवला, चहा पाजला, तारेची लांबी सांगितली. प्रश्न मिटला असे म्हणवत नाही. पण तो पुढे ढकलला गेला.

त्या लांबीवरूनच हा लेख सुचला. तार सुमारे वीस मीटरची, म्हणजे साठ-पासष्ट फुटांची आहे. सात मेगाहर्ट्झच्या कंप्रतेवर लहरीची लांबी सुमारे बेचाळीस मीटर भरते. तिच्या निम्म्याला थोडे कमी, एवढी तार मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना ताणली आणि मध्ये केबल जोडली, की ‘डायपोल’ नावाची जगातली सर्वांत साधी अँटेना तयार होते. स्नेह्यांनी हे सांगितले आणि आमच्यापैकी एकाला बेचाळीस हा आकडा ओळखीचा वाटला. १९४२च्या ऑगस्टअखेर मुंबईतून सुरू झालेले काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र आपली ओळख सांगताना लहरीची लांबी जाहीर करी. ती होती ४२.३४ मीटर. गणित केले तर सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर. हा पट्टा तेव्हाही हौशी रेडिओचालकांचा होता आणि आजही आहे. आसनगावच्या दोन कळकांमधली तार आणि त्या केंद्राची लहर, दोन्ही एकाच मापाच्या.

काँग्रेस रेडिओची कथा आपण आवाजाची कथा म्हणून सांगतो. बावीस वर्षांच्या उषा मेहता, त्यांचे सहकारी बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, पाठीशी राममनोहर लोहिया. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप असताना चिमूर आणि आष्टीच्या बातम्या देणारा तो आवाज. हे सारे खरे आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण आवाज तारेवाचून जात नाही. त्या काळी तार कोण बांधू शके, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांला यात भाषेचाही दोष दिसतो. आवाजासाठी आपण ‘आकाशवाणी’सारखा भारदस्त शब्द रुजवला, आवाज ज्यातून सुटतो त्या वस्तूला मात्र आधी ‘एरियल’ म्हटले आणि नंतर ‘अँटेना’.

तार बांधू शकणारे लोक फार थोडे होते. मुंबईत १९२३-२४च्या सुमारास रेडिओ क्लबाने हौशी प्रक्षेपणे केली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र रीतसर सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात खडकीहून इंग्लंडशी थेट बिनतारी तारायंत्रसेवा सुरू झाली. प्रक्षेपण खडकीला, ग्रहण दौंडला. मार्कोनी कंपनीच्या या ‘बीम’ योजनेतले मनोरे २८७ फुटांचे असत. साम्राज्याची तार अशी उंच आणि उघड, तिला कुणी परवाना विचारत नसे. हौशींची तार मात्र गच्चीवर, झाडावर, फार तर बांबूवर. तिसाव्या दशकाच्या मध्यावर देशातले परवानाधारक हौशी पन्नासाच्या आतच होते आणि त्यांतले बहुतेक लष्करातले ब्रिटिश अधिकारी.

येथे एक गंमत सांगायला हवी. लघुलहरी हौशींकडे आल्या त्या निरुपयोगी म्हणून. अमेरिकेने १९१२च्या कायद्याने हौशींना २०० मीटरच्या खालच्या लहरींत ढकलले. मोठ्या अंतराला लांब लहरीच लागतात, अशी तज्ज्ञांची खात्री होती. डिसेंबर १९२१ मध्ये त्या टाकाऊ लहरींवरचा अमेरिकन हौशींचा संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लांबलचक तार टाकून बसलेल्या एका हौशाने ऐकला आणि तज्ज्ञांची खात्री संपली. लघुलहर आयनांबरावर आपटून परत येते, म्हणून ती डोंगर ओलांडते, समुद्रही ओलांडते. शहापूरकडच्या माणसाला हे पटकन समजते. माहुलीआड गेलेल्या माणसाला इथून अतिलघुलहरींवर हाक मारता येत नाही. पण त्याच आवारातून सात मेगाहर्ट्झवर रात्री हजारो मैलांवरचे केंद्र ऐकू येते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. हौशींना आपले प्रक्षेपणसंच पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी हुकूम निघाले. आता छंद हाच गुन्हा झाला होता. अशा वेळी १९४२ साली काँग्रेस रेडिओच्या मंडळींना प्रक्षेपक हवा होता आणि तो बांधून दिला नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हौशी रेडिओचालकाने. पुढे शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांची मदत लाभली. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणारी हीच ती पेढी. चौपाटीपासून सुरुवात झाली. मग लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, गिरगावातील पारेख वाडी, शेवटी महालक्ष्मी मंदिराजवळचा पॅराडाइज बंगला अशी जागांची यादी मिळते.

ही यादी वाचताना संच सुटकेसमधून नेल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. स्नेह्यांबरोबर दोन पावसाळे काढल्यानंतर आम्हांला आता वेगळे चित्र दिसते. संच उचलता येतो. तार प्रत्येक ठिकाणी नव्याने बांधावी लागते. वीस मीटर मोकळी जागा हवी, दोन उंच टोके हवीत, आसपास विजेच्या तारा नकोत, लोखंडी छपरापासून अंतर हवे, आणि हे सारे गिरगावातल्या एखाद्या इमारतीत, शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोर. तार आखूड केली तर शक्ती तारेतून सुटण्याऐवजी संचाकडे परत येते. खाली बांधली तर लांबवर पोचत नाही. उंच बांधली तर दिसते. प्रक्षेपण चालू असेपर्यंत ती तार स्वतःच आपला पत्ता सांगत असते. पोलिसांच्या गाडीवर वेटोळ्याच्या आकाराची अँटेना असे; ती फिरवत नेली, की एका दिशेला आवाज मावळतो, त्यावरून केंद्राची रेषा कळते. दोन ठिकाणांहून दोन रेषा काढल्या, की त्या जिथे छेदतात तिथे घर. म्हणून वेळ थोडा ठेवायचा आणि जागा बदलायची. जागा बदलणे म्हणजे तार उतरवून पुन्हा चढवणे, हे आम्ही आजवर कधी ध्यानात घेतले नव्हते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पॅराडाइज बंगल्यावर धाड पडली. ती त्या वेटोळ्यामुळे पडली नाही. प्रिंटर आधीच पकडले गेले होते आणि त्यांनीच पोलिसांना वाट दाखवली. पुढे ते माफीचे साक्षीदार झाले. खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले.

प्रिंटर यांचे समर्थन आम्हांला करायचे नाही. ज्यांनी येरवडा भोगला, त्यांच्यासमोर ते करणे शोभणारही नाही. पण एका माणसाच्या पडण्याबरोबर त्याचे काम आपण किती सहज विसरलो, याचे आश्चर्य वाटते. आवाज देणारी माणसे टिकली म्हणून आवाजाचा इतिहास उरला. तार बांधणारा फितला म्हणून तारेचा इतिहास खलनायकाच्या खाती गेला. वस्तुतः युद्धकाळात, सुटे भाग दुर्मीळ असताना, हुकूम मोडून प्रक्षेपक उभा करणे आणि तो चालता ठेवणे हे त्या लढ्यातले एक मोठे कसब होते. करणाऱ्याच्या पुढच्या वागण्याने ते कसब नाहीसे होत नाही.

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले; परीक्षा आली, मोर्स आले, १९७८ साली हौशी सेवेचे स्वतंत्र नियम आले. दरम्यान सामान्य माणसाच्या छपरावर वेगळीच अँटेना चढली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून ॲल्युमिनियमचे सापळे गावोगाव उभे राहिले. छपरावर एक जण, खिडकीत दुसरा, आणि ‘आलं का?’, ‘गेलं!’ हा संवाद आमच्या पिढीच्या बालपणाचाच भाग. त्या सापळ्याचे नाव यागी. १९२६च्या सुमारास शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी या जपानी संशोधकांनी तो मांडला. जपानने दुर्लक्षिला आणि पाश्चात्त्यांनी रडारसाठी वापरला. १९४२ साली सिंगापुरात हाती लागलेल्या ब्रिटिश टिपणांतला ‘यागी’ हा शब्द जपानी अधिकाऱ्यांना उलगडेना. तो आपल्याच माणसाचे नाव आहे, हे त्यांना एका युद्धकैद्याने सांगितले, असे म्हणतात. करणाऱ्याला विसरणे ही काही आपलीच मिरास नव्हे.

असो. आसनगावच्या तारेकडे परत येऊ, कारण तिची देखभाल हाच एक स्वतंत्र अभ्यास आहे. कळक कृष्णपक्षात तोडलेला घ्यायचा, म्हणजे भुंगा लागत नाही, असे इकडची जुनी माणसे सांगतात. स्नेही विज्ञानाचे असूनही हे पाळतात. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर, नाही तर वाळवी ठरलेली. प्रत्येक कळकाला तीन दिशांना ताण, खुंट्या मुरमात खोल ठोकलेल्या. तार प्रथम हिशेबापेक्षा हातभर लांब ठेवायची आणि मीटरवर परतणारी शक्ती पाहत दोन-दोन बोटे कमी करायची. कापलेली तार पुन्हा जोडण्यासारखे कंटाळवाणे काम दुसरे नाही. तिचे एक टोक घट्ट बांधायचे, दुसरे कप्पीवरून घेऊन त्याला वीट टांगायची. वाऱ्यात कळक झुलला, की वीट वरखाली होते आणि तार तुटत नाही. ही विटेची युक्ती आम्हांला साऱ्या इलेक्ट्रॉनिकीपेक्षा जास्त आवडली.

खरा शत्रू पाऊस. केबलचा सांधा कितीही गुंडाळला, तरी श्रावणापर्यंत त्यात पाणी शिरते आणि तांबे हिरवे पडते. त्याआधी, वळिवाच्या दिवसांत, विजेची भीती. ढग दिसला की केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर टाकायची, हा त्यांच्या घरचा नियम. मिठाकोळशाच्या खड्ड्यात पुरलेली भूतार वेगळी. आणि खांब कोसळला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही, एवढे अंतर आधीच मोजून ठेवायचे. या एका चुकीला दुसरी संधी नसते.

हे सारे कशासाठी, असे शेजारी विचारतात तेव्हा स्नेही ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाचे आणि २००४च्या त्सुनामीनंतरच्या अंदमानचे नाव घेतात. दोन्ही वेळा नेहमीची संपर्कसाधने कोलमडली असता हौशींनी संच नेले आणि मिळेल त्या आधाराला तारा बांधून निरोप पोचवले. शेजारी मान डोलावतात, पण नजर तारेवरच असते. १९४२ साली तार लपवावी लागे. आता ती दाखवूनही विश्वास बसत नाही. अनोळखी तारेविषयीचा हा संशय सरकार बदलले तरी पुरता गेला नाही, आणि तो सरकारपुरता कधीच नव्हता.

गेल्या ऑक्टोबरात पावसाने गंजलेले दुवे बदलून आम्ही तिघांनी तार पुन्हा चढवली. संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर खरखरीतून कुणीतरी दक्षिणेकडचे बोलू लागले. स्नेह्यांनी उत्तर दिले आणि वहीत वेळ टिपून ठेवली. मग त्यांनी रंगाचा डबा काढला. फाटकावर पाटी आधीपासूनच आहे: हौशी रेडिओ केंद्र, खाली त्यांची संकेताक्षरे, खाली ‘सरकारमान्य परवाना’. तिच्याखाली थोडी जागा उरली होती. तिथे त्यांनी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली: हा मोबाइलचा टॉवर नाही.