पॅराफायलेरियोसिस (गुरांतील)

पॅराफायलेरिया बोव्हिकोला या गोलकृमीमुळे गाई-बैल व म्हशींना होणारा, माश्यांमार्फत पसरणारा परजीवी रोग. या कृमीचे वर्णन प्रथम १९३४ मध्ये फिलिपीन्समधील जनावरांवरून झाले. आफ्रिका आणि भारतासह आशियातील काही देशांत तो पूर्वीपासून आढळतो. स्वीडनमध्ये त्याची नोंद १९७० च्या दशकाअखेरीस झाली. एकविसाव्या शतकात बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया व इटली येथेही तो आढळल्याने युरोपात त्याला उदयोन्मुख रोग मानतात.

जीवनचक्र : प्रौढ कृमी कातडीखाली व स्नायूंच्या थरांमध्ये राहतात. मादी सुमारे ४ ते ६ सेंमी. लांब असून नर तिच्याहून आखूड असतो. अंडी घालण्यासाठी मादी कातडीला आतून बारीक छिद्र पाडते आणि ठिबकणाऱ्या रक्तात अंडी सोडते. त्या रक्तावर बसणाऱ्या माशीच्या पोटात अंडी जातात व तिच्या शरीरात अळी संसर्गक्षम होते. पुढे हीच माशी दुसऱ्या जनावराच्या डोळ्यांतील पाण्यावर किंवा जखमेवर बसली की अळी त्याच्या शरीरात शिरते. युरोपात मस्का ऑटम्नॅलिस ही माशी मुख्य वाहक आहे. ती कुरणातील ताज्या शेणात अंडी घालते.

लक्षणे व निदान : मान, खांदा, पाठ व बरगड्यांवर रक्ताचे ओघळ दिसतात, विशेषतः वसंत व उन्हाळ्यात. छिद्र लवकर बुजते, केसांवर वाळलेले रक्त तेवढे उरते. त्यामुळे काटा किंवा तार लागली असावी असा समज होतो. ताज्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली अंडी वा सूक्ष्म अळ्या दिसल्या की निदान पक्के होते. संसर्गानंतर रक्तस्राव सुरू होण्यास साधारण सात ते दहा महिने लागतात. म्हणूनच खरेदीच्या वेळी निरोगी दिसणारे जनावर हा रोग नव्या प्रदेशात नेऊ शकते.

नुकसान व उपाय : जनावर सहसा दगावत नाही. खरे नुकसान कत्तलखान्यात उघड होते : कातडीखालचे मांस पिवळसर-हिरवे व बुळबुळीत झालेले असते, ते कापून टाकावे लागते. मुका मार लागल्याच्या खुणांशी त्याची गल्लत होते. उपचारासाठी आयव्हरमेक्टिन किंवा नायट्रॉक्सिनिल देतात. मात्र ही औषधे दुधात व मांसात उतरत असल्याने दुभत्या व कत्तलीच्या जनावरांबाबत ठरलेला वर्ज्य काळ पाळावा लागतो. माश्यांना रोखण्यासाठी कीटकनाशक फवारतात किंवा कीटकनाशकयुक्त बिल्ले जनावरांच्या कानांत अडकवतात.