भूभौतिक सर्वेक्षण (पुरातत्त्वीय)

पुरलेल्या भिंती, खंदक, भट्ट्या खोदकामाआधी वरूनच हेरण्याची पद्धत. १९४६ मध्ये इंग्लंडात रिचर्ड ॲटकिन्सन यांनी विद्युत रोधमापन पुरातत्त्वासाठी वापरले; मराठवाड्यात हे तंत्र भूजलाच्या शोधामुळे परिचित आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खरी कसोटी उपकरण निवडण्यातच लागते. बेसाल्ट स्वतःच चुंबकित असल्याने चुंबकमापीवर भट्टीचा संकेत दगडांच्या गोंधळात हरवू शकतो; ओली काळी माती भूवेधी रडारच्या लहरी शोषून घेते. पैठणसारख्या सातवाहनकालीन, आजही नांदत्या गावात मोजणीला मोकळी पांढर (जुन्या वस्तीची जमीन) मिळणेच कठीण. दगड-मातीच्या या अडचणींमुळे पावसाळ्यानंतर जमिनीत ओल असताना रोधमापन, उन्हाळ्यात रडार आणि मग लहान चाचणी-खड्डा, हा क्रम येथे श्रेयस्कर. मोजणीच्या नकाशावर उमटलेल्या विसंगतीचा, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळ्या संकेताचा, काळ मात्र थर आणि खापरेच ठरवतात.